ज्याच्यावर एकोणऐंशी झाले

इमिल हुदाकचा फोटो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आयुष्यात एकदाच आला, आणि तोही पाठमोरा. चौदा नंबरचा बनियन, वर ताणलेला उजवा हात, मानेवर घामाने चिकटलेले केस. त्याच्या हातापेक्षा चार बोटं वर क्लीओ टॅरंटचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावरून नुकताच सुटलेला चेंडू. खाली मोठ्या अक्षरात फक्त एक आकडा होता : ७९.

साल त्रेसष्ट, जानेवारीचा तिसरा शनिवार.

इमिल ब्रॅडनरचा. ब्रॅडनर म्हणजे नदी, नदीकाठचा पोलादाचा कारखाना आणि कारखान्याच्या धुराखाली वसलेलं गाव. त्याचा आजा स्लोव्हाकियातून येऊन भट्टीवर लागला, बाप भट्टीवर, आणि इमिल तांबड्यालाल पत्र्याला लाटणाऱ्या रुळांवर. सोमवार ते शुक्रवार रूळ, आणि शनिवार-रविवार बास्केटबॉलची ॲलेगेनी लीग. या लीगला कुणी थोर म्हणत नसे. सहा गावांचे सहा संघ, शाळांची नाहीतर कवायतीची सभागृहं, एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला बर्फासारखी थंडी. पण खेळ पैसे घेऊन खेळायचा, म्हणून धंदेवाईक.

त्या काळी मोठ्या लीगमध्ये आठ-नऊच संघ होते. शिवाय एका संघात काळे खेळाडू तीन-चार पुरेत, असा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तर तो कुणाला खोडता येत नव्हता. त्यामुळे ज्यांची जागा वीस हजार डोळ्यांसमोर असायला हवी होती, अशी माणसं आमच्या गळक्या छपरांखाली चारशे लोकांसमोर खेळत. क्लीओ टॅरंट त्यांच्यातला. आठवडाभर तो पोर्ट डिलेनीत पावाची गाडी चालवायचा, आणि सुट्टीला तिथल्याच संघातून खेळायचा. सहा फूट तीन इंच उंच, काठीसारखा बारीक, आणि बोलायचा इतकं हळू की पंच त्याला दोनदा विचारायचे. पण उडी मारली की तो वर जाऊन क्षणभर थांबायचा. अंगावर आलेला माणूस खाली उतरायला लागला की मग, जणू आता वाट मोकळी झाली म्हणून, मनगट मोडून चेंडू सोडायचा. रिंगला न शिवता चेंडू जाळीतून जायचा. नेमबाज पुष्कळ पाहिले आमच्या लोकांनी. असा दुसरा नाही.

इमिल नेमबाज नव्हता. सामन्यात सहा-सात गुण केले तरी त्याला पुष्कळ वाटे. त्याचं काम समोरच्या नेमबाजाला राखायचं. त्याच्या सावलीसारखं फिरायचं, त्याच्या तोंडासमोर हात धरायचा, त्याला त्याच्या आवडीच्या जागी पोचू द्यायचं नाही. या कामाचा आकडा नसतो. तरीही ज्याला कळतं त्याला कळतं, आणि लीगमध्ये इमिलइतकं चांगलं राखणारा दुसरा नाही हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर त्या शनिवारी, पोर्ट डिलेनीच्या सभागृहात, टॅरंट त्याच्या वाट्याला आला.

पहिल्या क्वार्टरला टॅरंटचे चौदा झाले. अर्ध्या खेळाला सदतीस. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा अठ्ठावन्न. तेव्हा लांबून मारलेल्यालाही दोनच गुण मिळत. तीनचं खूळ अजून आमच्याकडे आलेलं नव्हतं. ब्रॅडनरचा कोच ब्रूनो मात्सको कागदी पेला चुरगाळत इमिलच्या कानाशी आला.

"हुदाक, हात वर करून आरती ओवाळतोयस का त्याची?"

"कोच, प्रत्येक फेकीला माझा हात त्याच्या डोळ्यांवर आहे. तुम्हीच बघा."

"हाताचं सोड. पाय घाल. खाली येताना एकदा दणकन पडू दे, मग बघू कसा उडतो."

"तसलं मी करत नाही."

"मग जा, मोजत बस," मात्सको म्हणाला.

शेवटच्या क्वार्टरला पोर्ट डिलेनीचे खेळाडू टॅरंटशिवाय दुसऱ्या कुणाला चेंडूच देईनात. सभागृहातली माणसं बाकांवर उभी राहिली. इमिलची पोटरी वळली, तरी तो टॅरंटच्या मागे धावत राहिला. बत्तीस बास्केट आणि पंधरा फ्री थ्रो, एकोणऐंशी. लीगचा विक्रम. भोंगा वाजला तेव्हा टॅरंटने इमिलच्या पाठीवर ओला हात ठेवला आणि म्हणाला, "दमवलंस रे बाबा मला." इमिलला ते वाक्य डिवचल्यासारखं लागलं. त्याने हात झटकून टाकला.

सोमवारी कारखान्याच्या फाटकापाशीच सुरुवात झाली.

"या, एकोणऐंशी! बायकोने तरी घरात घेतलं का?"

"अरे, त्याला बोलू नका. त्या काळ्याने त्याला बाहुलीसारखं नाचवलंय, अजून चक्कर येत असेल."

खाटीक सुरीला धार लावत विचारायचा, "किती देऊ इमिल? एकोणऐंशी पौंड?" रुळांवरची माणसं त्याचं नावच विसरली. "ए एकोणऐंशी, तो चिमटा दे इकडे." बाप एकदाच बोलला. जेवताना, ताटातल्या कोबी-शेवयांकडे बघत म्हणाला, "आपल्यात कुणी काळ्याकडून हरलं नव्हतं." खरं तर आपल्यात कुणी खेळलंच नव्हतं, पण हे इमिल बापाला म्हणाला नाही.

बायको इर्मा त्याला म्हणायची, "चार दिवस बोलतील नि गप्प बसतील. गावाला दुसरा उद्योग काय?" पण चार दिवसांचे चार आठवडे झाले. इमिल झोपेत हात वर करू लागला. आपण हात वर धरतो आहोत आणि समोरचा खाली उतरतच नाही, असं स्वप्न पडायचं त्याला. याच दिवसांत एक बातमी आली : मोठ्या लीगच्या एका संघाने टॅरंटला हेरलंय. शरद ऋतूत त्याला चाचणीला बोलवायचं त्यांच्या मनात आहे, आणि त्याआधी त्यांची दोन माणसं त्याचा खेळ बघायला येणार आहेत. येणार कुठे? तर ब्रॅडनरला, परतीच्या सामन्याला.

तो सामना फेब्रुवारीत, आमच्याच सभागृहात झाला. पुढच्या रांगेत ते दोघे बसले होते, गुडघ्यांवर टोप्या ठेवून. सगळ्या गावाने त्यांना पाहिलं. इमिलनेही पाहिलं.

दुसऱ्या क्वार्टरच्या मध्याला टॅरंटचे बावीस झाले होते. लोकांनी सुरू केलं, "ए-को-ण-ऐं-शी! ए-को-ण-ऐं-शी!" हे पोर्ट डिलेनीचे लोक नव्हते. इमिलच्या आळीतली, त्याच्या पाळीवरची, त्याच्याबरोबर चर्चमध्ये गुडघे टेकणारी माणसं होती. त्यांना टॅरंटचं काही नव्हतं. इमिल पुन्हा फजीत होताना बघायचा होता. मात्सको त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. हे पुढे इमिलने पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. कुणीही काही सांगितलं नव्हतं.

डाव्या कोपऱ्यातून टॅरंट उडाला. इमिलही उडाला असता, नेहमीसारखा. त्याऐवजी तो एक पाऊल पुढे सरकला आणि वाकून टॅरंटच्या पायांखाली शिरला. वर गेलेल्या माणसाला खाली यायला जमीन लागते. इमिलने ती काढून घेतली. टॅरंट त्याच्या खांद्यावरून उलटा गेला आणि कमरेवर आपटला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. आणि त्याच वेळी वर जाळी सळसळली. फेक अचूक होती.

 मग मागच्या बाकांवरून कुणीतरी टाळी वाजवली, आणखी कुणी वाजवली. पंचाने साधा फाऊल दिला. टॅरंट ओरडला नाही. तो कुशीवर पडून फक्त इमिलकडे बघत होता, आणि इमिल दुसरीकडे बघत होता. स्ट्रेचर यायच्या आत पुढच्या रांगेतले ते दोघे उठले, टोप्या घातल्या आणि निघून गेले.

ब्रॅडनरने सामना जिंकला. त्या संध्याकाळी स्लोव्हाक क्लबात इमिलला बिअरसाठी खिशात हात घालावा लागला नाही. "फिटलं रे, इमिल!" खाटकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. 'एकोणऐंशी' हे नाव त्याच रात्री गेलं, ते परत आलं नाही. तो घरी आला तेव्हा इर्मा दारात उभी होती. तिला बातमी आधीच कळली होती.

"चुकून झालं ना?" तिने विचारलं.

"हो," इमिल म्हणाला.

त्या एका 'हो'वर त्यांचा संसार पुढची सत्तावीस वर्षं चालला. इर्माने पुन्हा विचारलं नाही. तिला उत्तर पटलं होतं असं नव्हे, तिला दुसरं उत्तर ऐकायचं नव्हतं.

टॅरंटच्या खुब्याचे तीन तुकडे झाले होते. तो पुन्हा खेळला नाही. इमिलने तो मोसम संपवला आणि बूट चुलत्याच्या मुलाला देऊन टाकले. लीग आणखी सात वर्षं रडत-खडत चालली आणि बंद पडली. लीगच मेली, तेव्हा तो एकोणऐंशीचा विक्रम मोडणारं आता कुणी जन्मणारच नव्हतं. मोठ्या लीगमध्ये कुणी साठ-सत्तर गुण केले आणि टीव्हीवर त्याचा जल्लोष लागला की इमिल उठून अंगणात जायचा. लोकांना वाटे, याला अजून तो जुना सामना झोंबतो. बरोबरच होतं ते, पण त्यांना वाटे तो सामना नव्हे.

चौऱ्याऐंशीत कारखाना बंद झाला. रूळ भंगारात गेले, अर्धं गाव मुलांकडे निघून गेलं. इमिल इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीची गाडी चालवू लागला. इर्मा चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी मासे तळायला जाऊ लागली.

नव्वदच्या ऑक्टोबरात पोर्ट डिलेनीच्या वर्तमानपत्रातून एका बाईचा फोन आला. जुन्या लीगवर लिहीत होती. आवाजावरून तरुण वाटत होती.

"मिस्टर हुदाक, त्या रात्री तुम्हीच त्यांना राखत होता ना? कसं वाटत होतं तेव्हा?"

"पायात गोळे आले होते," इमिल म्हणाला.

ती हसली. "आणि मग चार आठवड्यांनी तो दुर्दैवी अपघात. त्याबद्दल तुम्हाला काय आठवतं?"

अपघात. कागदावर तो शब्द सत्तावीस वर्षं तसाच होता, आणि आता पुन्हा छापला जाणार होता. इमिल म्हणाला, "मी तुम्हाला नंतर फोन करतो."  दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने लाँड्रीतून सुट्टी घेतली आणि दोन तास गाडी चालवत पोर्ट डिलेनीला गेला.

टॅरंट एका शाळेत राखणदारीचं आणि साफसफाईचं काम करत होता. शाळा सुटलेली होती. व्यायामशाळेत तो एकटाच लांब दांड्याचा पोछा ओढत होता. एक पाय आधी, मग सगळं अंग वळवून दुसरा. केस पांढरे झाले होते. बारीकपणा तसाच होता.

"मिस्टर टॅरंट," इमिल दारातून म्हणाला. "मी इमिल हुदाक. ब्रॅडनरचा."

टॅरंटने पोछा थांबवला नाही. "बूट काढून ये. ओलं आहे."

इमिल मोज्यांवर आत गेला. वाटेत दोन तास जुळवलेली वाक्यं तोंडात आलीच नाहीत. "तो अपघात नव्हता," तो म्हणाला. "मी मुद्दाम घातला पाय. खांदा घातला. मी ठरवून केलं ते."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला..."

"मी वर होतो. वरून सगळं दिसतं. तू उडाला नाहीस. त्या सबंध वर्षात तू माझ्याबरोबर उडाला नाहीस, ते एवढं एकदाच."

"मग बोलला का नाहीत? पंचाला, पेपरवाल्यांना..."

टॅरंट आता थांबला. दांड्यावर दोन्ही हात ठेवून त्याने इमिलकडे पाहिलं. "ब्रॅडनरच्या सभागृहात? त्रेसष्ट साली? माझं तोंड आणि तुझं तोंड? कुणाचं ऐकलं असतं रे त्यांनी?" त्याचा आवाज अजूनही तितकाच हळू होता. "माझी मुलगी चार महिन्यांची होती. मला घरी जायचं होतं."

"मला माफ करा," इमिल म्हणाला.

"तू इथवर हलका व्हायला आला आहेस," टॅरंट म्हणाला. "तुझं ओझं इथे उतरवून जाणार, आणि ते मी उचलायचं. माझा खुबा बरा नाही, हुदाक. मला उचलवत नाही ते."

 पाण्याची बादली दोघांच्या मध्ये होती.

"त्या मुलीला सांग, पेपरवालीला," टॅरंट पोछा पिळत म्हणाला. "मला येऊन सांगण्यात काय शौर्य? मी तर तिथेच होतो. आता बाजूला हो, ती जागा राहिलीय."

घरी येऊन इमिलने आधी इर्माला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. तिने सोलणं थांबवलं नाही. सगळे सोलून झाल्यावर म्हणाली, "मी विचारलं होतं तुला. दारातच विचारलं होतं." आणि उठून वर गेली. आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग एके दिवशी तिनेच फोन आणून त्याच्यासमोर ठेवला. "कर त्या मुलीला. आता मला कळलंय, तेव्हा गावाला कळायला काय हरकत आहे?"

छापून आलं. या वेळी पाठमोरा फोटो नव्हता. म्हाताऱ्या इमिलचा, समोरून काढलेला होता.

गावाला हरकत होती. क्लबाच्या भिंतीवर त्रेसष्टच्या संघाचा फोटो होता, तो खाली उतरला. खाटकाचा मुलगा आता दुकान चालवत होता. त्याने इमिलला मांस बांधून दिलं, पण डोळे वर केले नाहीत. "आमच्या बापाने टाळ्या वाजवल्या होत्या असं छापलंत तुम्ही," तो म्हणाला. इमिलने कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. पण ज्याने त्याने आपापला बाप ओळखला होता.

मात्सको तेव्हा ब्याऐंशीचा होता, मुलीकडे राहायचा. त्याचा फोन आला.

"गाढवा, सत्तावीस वर्षं गप्प होतास ना? आणखी दहा कळ काढली असतीस तर दोघंही मेलो असतो. कुणाचं काय बिघडलं असतं?"

"कोच, तुम्ही मला सांगितलं नव्हतं त्या दिवशी. तसंच छापलंय मी."

"म्हणजे मोठा उपकार केलास," म्हातारा म्हणाला आणि फोन आपटला. तो त्याच हिवाळ्यात गेला. इमिलला अंत्यविधीला येऊ नको असा निरोप होता.

पोर्ट डिलेनीहून मात्र काही आलं नाही. शिवी नाही, पत्र नाही. इमिल रोज टपालाची पेटी उघडायचा. आपण कशाची वाट बघतोय हे त्याला सांगता आलं नसतं.

ब्याण्णवच्या मार्चमध्ये त्या पेपरवालीने कळवलं की क्लीओ टॅरंट वारले. इमिल काळा सूट घालून गाडीत बसला आणि किल्ली इर्माकडे दिली. इर्माने गाडी चालवली, आणि चर्चसमोर ती गाडीतच थांबली. चर्च भरलं होतं. शाळेची मुलंच शे-दोनशे असतील. इमिल मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. गोऱ्या माणसांत तो आणि दोघं-तिघं शिक्षक. कुणी त्याला हटकलं नाही. पण शवपेटी बाहेर निघाल्यावर पायऱ्यांवर एक उंच बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. बारीक अंग, हळू आवाज. ती ओलीथा, टॅरंटची मुलगी, हे तिला सांगावं लागलं नाही.

"तुम्ही हुदाक."

"हो."

"बाबा तुमच्याबद्दल बोलायचे," ती म्हणाली. "फार नाही. लोक त्यांना एकोणऐंशीचं विचारायचे ना, तेव्हा. म्हणायचे, त्या दिवशी मला राखणारा माणूस या लीगमधला सगळ्यात चांगला होता. त्याचा हात सबंध वेळ माझ्या तोंडावर होता. दुसऱ्या कुणासमोर एकोणऐंशी केले असते तर त्याला काही किंमत नव्हती, म्हणायचे."



"मी लहानपणापासून हे ऐकत आले," ओलीथा म्हणाली. "आणि मग तुमचं ते छापून आलं. मी बाबांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? तर हो म्हणाले. माहीत असून ते तुमचं कौतुक करत होते. मला ते जमत नाही, मिस्टर हुदाक. तुम्हाला चांगलं खेळता येत होतं, म्हणूनच जास्त जमत नाही. तुम्ही कब्रस्तानात येऊ नका."

"नाही येत," इमिल म्हणाला.

ती वळून गेली. गाड्यांची रांग हळूहळू टेकडीकडे निघाली. शेवटची गाडी दिसेनाशी होईस्तोवर इमिल पायऱ्यांवर उभा राहिला, मग रस्ता ओलांडून इर्माशेजारी जाऊन बसला.

"काय म्हणाली?" इर्माने विचारलं.

नदी जवळ आल्यावर त्याने सांगायला सुरुवात केली. इर्माने पुलाअलीकडे गाडी बाजूला घेतली आणि तो बोलून संपेपर्यंत ती समोरच्या काचेतून बघत राहिली. मग तिने गिअर टाकला.

इमिल त्यानंतर अकरा वर्षं जगला. अधूनमधून जुन्या खेळाचा कुणी वेडा त्याला शोधत ब्रॅडनरला यायचा, तो एकोणऐंशी गुणांचा सामना कसा होता म्हणून विचारायला. इमिल त्याला पोर्चवर बसवून बत्तीसच्या बत्तीस बास्केट सांगायचा. कुठून मारली, आपला हात कुठे होता, चेंडू कसा गेला. पाहुणा खूष होऊन वही मिटायला लागला की म्हणायचा, "बसा. चार आठवड्यांनंतरचं राहिलंय." आणि तेही सगळं, बाकांवरच्या टाळ्यांसकट सांगायचा. पाहुणे ते ऐकून घ्यायचे, पण परत कुणी येत नसे.